उत्तराला ठेवलेली जागा

टोपलीमावशीला गोड बोलणं कधी जमलं नाही. जंगलातल्या त्या गावात सौरदिवे बसवायला शहरातून पोरगी आली आणि तिच्या घरी उतरली, तेव्हाही मावशीनं आधी तिला सुनावलं, "एवढीशी काडी तू. शिडीवर चढणार की शिडी तुझ्यावर?" मग पेटी उघडली आणि लेकीचं पांघरूण काढून दिलं. लेक घर सोडून गेल्यापासून ते पांघरूण पेटीतच होतं.

लेक शहरातल्या शिवणकारखान्यात कामाला जाते म्हणाली, तेव्हा मावशीच्या तोंडून निघून गेलं होतं, "गेलीस तर पुन्हा उंबरा चढू नकोस." लेकही आईवरच गेलेली. खरंच निघून गेली. पुढं जीपवाल्याबरोबर तिनं नुसता फोन नंबर धाडला. मावशीनं तो कोयत्याच्या टोकानं दाराच्या चौकटीवर कोरून ठेवला, पण बाजाराला गेली तरी लावला कधी नाही. मीच का आधी? तिथंच घोडं पेंड खात होतं. पण टोपली विणताना काठ आला की हात थांबायचे. काठ वळवताना समोरून कुणीतरी धरावा लागतो, आणि समोर लेक बसायची. अर्धवट टोपल्या कोपऱ्यात साचत चालल्या होत्या.

दिवे बसले आणि गावानं पोरीला बत्तीवाली हे नाव पाडलं. निघायच्या सकाळी बत्तीवालीनं चौकटीवरचा नंबर वाचला आणि तो कुणाचा ते मावशीकडून काढून घेतलं.

"मावशी, लेकीसाठी फोनमध्ये बोला, मी आवाज भरून घेते. इथं रेंज नाही, पण फाट्यावर पोचले की पाठवते."

मावशीनं आढेवेढे घेतले आणि घेता घेता केस विंचरून आली. फोनसमोर ताठ बसली.

"कशी आहेस?" एवढं विचारून ती थांबली. मग म्हणाली, "वेळेवर जेवतेस का?" पुन्हा थांबली.

बत्तीवालीला हसू आलं. "मावशी, ती आत्ता ऐकत नाहीये. सलग बोला."

"माणसाला विचारायचं आणि उत्तराला जागा ठेवायची नाही? तुमच्याकडं चालत असेल." मावशी फोनकडं वळली. "अजून बोटात सुई टोचून घेतेस का?" थांबली. "मी तेव्हा बोलले ते मनात धरू नकोस. घरी कधी येतेस?"

या वेळी ती इतकी थांबली की एक कोंबडी कुरकुरत घरात येऊन परत गेली.

बत्तीवाली निघून गेली. मावशीनं झाडलेलंच घर पुन्हा झाडलं. आता लेक म्हणेल, म्हातारी वाकली. म्हणू दे. पण काहीतरी म्हणू दे.

उन्हं कलली तशी बत्तीवाली धापा टाकत वाटेवर दिसली. एक चप्पल तुटून हातात आलेली.

"बस चुकली?"

"सोडली. उत्तर आलंय, मावशी."

मावशीनं तिच्या हातातली चप्पल काढून घेतली. "वेडी आहेस. उद्याचं काम?"

"उद्याचं उद्या."

तिनं फोन सुरू केला. लेकीनं आईचं बोलणं लावून, मधल्या जागांत आपली उत्तरं बोलून सगळं पुन्हा भरून पाठवलं होतं. कशी आहेस? "बरी आहे गं आई." वेळेवर जेवतेस का? "जेवते. तुझ्या हातचं नसतं, पण जेवते." सुई टोचून घेतेस का? "कधीमधी." मावशी खुदकन हसली आणि डोळे पुसू लागली. मग तिचाच आवाज आला, घरी कधी येतेस?

मागं शिलाई यंत्रांची खडखड चालू होती. लेकीनं एकदा नाक ओढलं. सकाळची ती कोंबडीही फोनमध्ये आली, कुरकुरली, गेली. मग सगळं बंद झालं.

"मावशी, पुढचं तुटलं असेल," बत्तीवाली चाचरत म्हणाली.

"तुटलं नाही. जागा ठेवलीय तिनं." मावशीनं फोन जवळ ओढला. "बरं. सावकाश सांग. उंबरा कुठं पळून जातोय?"

तिनं फोन बत्तीवालीला परत दिला. मग तिनं कोपऱ्यातली एक टोपली पुढ्यात घेतली.

"ये, बस समोर," ती बत्तीवालीला म्हणाली. "ती येईपर्यंत काठ तू धर."