दोष माझ्यात हाय

रामेश्वर हा युसूफ वडगाव या गावात वीज कंपनीचा लाइनमन होता. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा जोडीदार शहादेव खांबावर चिकटला. लाइन बंद होती, पण कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा तारेत आला आणि तो जागीच गेला. तेव्हापासून खांबावर चढलं की रामेश्वरचे हात रबरी हातमोज्यांत घामाने निथळायचे. झोप उडाली, जेवण नकोसं झालं. घरी मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही.

घरात वेगळाच घोर होता. लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. बायकोच्या, सुकन्याच्या, सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. आता नवऱ्यालाही तपासा, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, तेव्हा त्याची आई सत्यभामा म्हणाली होती, बाप्या माणसाला काय तपासायचं? रामेश्वर गुपचूप एकटाच अंबाजोगाईला गेला.

शुक्राणू कमी होते, होते तेही मंद. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, कामाचं विचारलं. रामेश्वरने शहादेवचं सांगितलं. सततच्या ताणाने शरीरात अशी द्रव्यं वाढतात की ती शुक्राणूंना इजा करतात, असं त्यांनी समजावलं आणि त्यावर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या. गुण येईलच असं नाही, आणि मनातली भीती तशीच राहिली तर नुसत्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, हेही सांगितलं.

गोळ्या त्याने मोटारसायकलच्या डिकीत पान्यांखाली दडवल्या. आता खांबाच्या भीतीत ही दुसरी मिसळली. पारावर कुणी हसलं तरी त्याला वाटे, यांना कळलं.

एका सकाळी तो ड्यूटीवरून परतला तर दारात जीप उभी. डोंगराकडच्या एका बाबाकडे सुकन्याला न्यायचं आईने ठरवलं होतं. बाधा काढायला तो बाईला खोलीत कोंडून धुरी द्यायचा, छड्या मारायचा. गल्लीतली एक सून तिथून आल्यावर कितीतरी दिवस कुणाशी बोलली नव्हती. आत सुकन्या पिशवीत साडी भरत होती. घडी काही केल्या जमत नव्हती.

"न्हाई म्हणले तर तुमचं दुसरं लगीन लावतील," ती हळूच म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय."

रामेश्वरने तिच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली. तो बाहेर आला.

"आई, जीप माघारी लाव. तिच्यात काई न्हाई. दोष माझ्यात हाय. मी औषध खातोय."

सत्यभामाने आधी जीपवाल्याकडे बघितलं. "हळू बोल," एवढंच म्हणून ती मटकन ओट्यावर बसली.

जीप रिकामीच गेली. दुपारी रामेश्वरने सुकन्याला शहादेवचं सगळं सांगितलं: तो जळका वास, आणि आपण लाकडी काठी शोधत नुसतेच सैरावैरा धावलो ते. सांगता सांगता तो रडला. पुढे साहेबांना सांगून त्याने काही दिवस सबस्टेशनातलं काम मागून घेतलं. झोप थोडी थोडी लागू लागली. नंतरच्या तपासणीत शुक्राणू जरासे वाढले होते. डॉक्टर म्हणाले, वाट बघू.

गावात बातमी फुटलीच. पारावरून जाताना अजून त्याची मान खाली जाते. आई कामापुरतंच बोलते. आणि दर महिन्याला सुकन्याच्या पाळीची तारीख जवळ आली की दोघंही मनात दिवस मोजतात.

या महिन्यात सुकन्याला उशीर झालाय. दोघांच्याही ते ध्यानात आलंय, पण अजून कुणीच तोंडातून काढलेलं नाही.