आत्याचा पाला
आमच्या प्रयोगशाळेत झाडपाल्याची परीक्षा घेतात. पाला वाटायचा, अल्कोहोलमध्ये भिजवायचा, त्या अर्कात कागदाची टिकली बुडवून वाळवायची आणि जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तेवढ्या जागेतले जंतू वाढले नाहीत, तर पाल्यात दम आहे. बहुतेक वेळा कडं दिसत नाही. दादा म्हणायचा, लोकांच्या आशेवर पाणी ओतायचा पगार घेतेस तू.

आता तोच दादा हॉस्पिटलात पडला होता. डायबिटीसमुळे पायाची जखम चिघळली होती आणि जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल आणि तोही लवकर, असं सर्जनने स्पष्ट सांगितलं. दादा हटून बसला. आधी आत्याचा पाला तपासायचा, मग पायाचं बोलायचं. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. निम्म्या गल्लीच्या जखमा तिने परसातल्या एका झुडपाने बऱ्या केल्या, असं सगळे म्हणत. माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण पाय भावाचा होता. हॉस्पिटलच्या लॅबमधून त्याच्याच जखमेतले जंतू मिळवले आणि हातातली बाकीची कामं बाजूला सारून चाचणी लावली.

दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली तेव्हा वहिनी मागेच उभी होती. टिकलीभोवती चांगलं नाण्याएवढं कडं होतं. मला रडूच आलं. मी डोळे पुसेपर्यंत वहिनी बाहेर जाऊन दादाला फोन करून मोकळी झाली, आणि दादाने सर्जनला ऑपरेशन नको म्हणून कळवून टाकलं.

मग मी दुसरी बशी पाहिली. तुलनेसाठी आम्ही नुसत्या अल्कोहोलची टिकली नेहमी ठेवतो. तिच्याभोवतीही तेवढंच कडं होतं. घाईत टिकल्या पुऱ्या वाळल्या नव्हत्या, आणि जंतू मारले होते ते ओल्या अल्कोहोलने. टिकल्या खडखडीत वाळवून चाचणी पुन्हा लावली. या खेपेला जंतू थेट कागदाच्या कडेपर्यंत माजले होते.

दादाला सगळं समजावलं. त्याचं अंग तापाने फणफणत होतं.

"मग अल्कोहोलच ओत पायावर," तो म्हणाला.

बशीत नुसते जंतू असतात, पायात तूही आहेस, असं मी म्हटलं. त्याने तोंड फिरवलं. पहिलं कडं वहिनीने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याला तेवढं पुरे होतं. माझं तर तो कधीच ऐकत नाही. मला त्याचा इतका राग आला की तशीच उठले आणि आत्याला लॅबमध्ये घेऊन आले.

आत्या नाकावर माशी बसू देत नाही. आता माझी खरडपट्टी निघणार, असं धरूनच चालले होते. तिने चष्मा पुसला आणि बशीवर वाकली.

"यातला माझा कुठला?"

मी दाखवला. पाला कमी तर घातला नाहीस ना, एवढंच तिने विचारलं. भरपूर घातला होता.

"मग ती सगळी माणसं बरी कशी झाली गं?"

तू त्यांच्या जखमा रोज धुवायचीस, त्याने झाली असतील, मी म्हटलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, चल त्याच्याकडे.

खाटेशी उभी राहून तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"पाल्यात काही नाही रे. मी स्वतः बघून आले."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, बोलवा डॉक्टरांना.

सर्जन आला. त्याने पट्टी सोडली, गुडघ्याच्या वर बोट दाबून पाहिलं, मग मांडीवर, मग आणखी वर. चादर सारखी केली आणि वहिनीला नि मला बाहेर बोलावलं. विष रक्तात पसरलं होतं. परवा ऑपरेशन झालं असतं तर गोष्ट वेगळी होती, आता पाय कापूनही काही हाती लागणार नव्हतं. वहिनी भिंतीला धरून खाली बसली. तिला तिथेच सोडून मी आत गेले.

दादा आत्याला सांगत होता की काठी घेऊन का होईना, चालेन मी. आत्या मान हलवत होती. मला पाहून तो थांबला.

"गुडघ्याखालीच ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले, "गुडघ्याखालीच."

या वेळी त्याने माझं ऐकलं.