दोन टाके

वेल्डर जोतीरामने तोंडावरची काच वर सारली आणि ग्राइंडरच्या कर्कश्श आवाजावर आवाज चढवून विचारले,

"साहेब, लोडसेल काढून मारू, का असंच?"

नृसिंहचे लक्ष फाटकाकडे होते. संध्याकाळी तेलगिरणीचे मालक टाकी बघायला येणार होते. सकाळपासून जॅक लावून लावून तेलाच्या त्या भल्यामोठ्या टाकीचा एकेक पाय उचलला होता आणि प्रत्येक पायाखाली वजन जोखणारा पोलादी ठोकळा, लोडसेल, बसवला होता. टाकी हलू नये म्हणून बाजूला वेल्डिंगने जोडायची एक पट्टी तेवढी राहिली होती. तिच्यासाठी लोडसेल काढायचा म्हणजे पुन्हा जॅक, पुन्हा सगळी उस्तवार.

"असंच मारा," तो म्हणाला. "दोन टाके तर आहेत."

वेल्डिंगचा करंट लोडसेलमधून गेला. मालक आले तेव्हा वजन दाखवणाऱ्या पेटीवरचे आकडे एका जागी ठरेनात. परदेशातून मागवलेला तो ठोकळा जळाला होता.

नृसिंह ज्यांच्याकडे नोकरीला होता ते उद्यमनगरातले हंबीरराव टाकीभोवती एक फेरी मारून आले.

"लोडसेल न काढता वेल्डिंग करायला सांगितलं कुणी?"

"मी 'काढून मारा' म्हणालो होतो," नृसिंहच्या तोंडून निघून गेले. "ग्राइंडर चालू होता. यांना ऐकू आलं नसेल."

बोलताना त्याला वाटले, यात कुणाचे काही बिघडत नाही. आवाजाचाच तर दोष. जोतीराम हातमोजा काढता काढता थांबला. त्याने नृसिंहकडे पाहिले, मग ग्राइंडरकडे.

"मला तर 'असंच मारा' ऐकू आलं," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "नसंल आलं नीट. वय झालं आता."

हंबीरराव ओरडले नाहीत. पुढच्या कामाला मात्र दुसरा वेल्डर आला. "क्रेनखाली उभं राहायचं काम. हाक ऐकू न येणारा माणूस कसा ठेवायचा?" ते म्हणाले. नृसिंह ड्रॉइंगवर वाकला होता. त्याने मान वर केली नाही. पेन्सिल मात्र एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली.

दिवाळीनंतर नवा लोडसेल आला. नृसिंहने तो बसवला, टाकीचे वजन बिनचूक लागले. गिरणीच्या मालकांनी पेढा दिला. तो त्याच्या हातात तसाच राहिला.

त्याच आठवड्यात सुट्टी काढून तो जोतीरामच्या गावी, कोडोलीला जाणाऱ्या एस.टी.त बसला.

जोतीराम गोठ्यापुढे वैरण तोडत बसला होता. "आलासा काय, साहेब? बसा की," म्हणत त्याने पोते पुढे सरकवले. त्याच्या बायकोने, बनाबाईने, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"जरा मोठ्यानं बोला बरं का. ह्यांच्या कानाचं कळंना झालंय," ती म्हणाली. "कोल्हापुरात डॉक्टरला दावलं. कानाला काय बी झालं न्हाय म्हणतोय. पर ह्यांचा इश्वासच न्हाय. म्हस वरडली तरी मला इचारत्यात, वरडली काय गं, म्हणून." मग नवऱ्याकडे वळून ती जवळजवळ ओरडलीच, "साह्यबास्नी च्या ठेवतो!"

जोतीरामने लाजल्यासारखी मान हलवली. ती आत गेली.

"कामं सोडली मी," तो म्हणाला. "माझ्या कानापायी एखाद्याचा हातपाय जायचा. त्यापरीस हे बरं."

नृसिंहने तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला. बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की आपले आपल्यालाच ऐकू यावे.

"तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मी 'असंच मारा' म्हणालो होतो."

विळा थांबला. शिवी आली असती तर बरे, असे नृसिंहला वाटले.

"उद्या मी हंबीररावांना सांगतो," तो म्हणाला.

"त्यांस्नी सांगा सावकाश." जोतीरामने विळा बाजूला ठेवला. "आधी हितं मोठ्यानं म्हणा. ती आत हाय."

नृसिंह उठून उभा राहिला.

"त्या दिवशी मीच सांगितलं होतं!" तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "यांच्या कानाला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो."

आत स्टोला पंप मारल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. बनाबाई दारात आली. नृसिंहकडे तिने पाहिलेच नाही. पाठमोऱ्या बसलेल्या नवऱ्याच्या मागे ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिने अगदी हळू, ओठातल्या ओठात विचारले,

"पावण्यांचा च्या ठेवायचा हाय, का न्हाय?"

जोतीरामने मागे वळून पाहिले नाही.

"ठेव," तो म्हणाला.