लोखंडी टोपीवालीची मालकीण

"सिमोऽऽ! मलम! मलम लाव रे मेल्या, मरतेय मी!"

हा आवाज वीस वर्षांपूर्वीचा. चर्चच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथल्या सात नंबरच्या खुर्चीतून तो उठायचा आणि असा उठायचा, की भिंतीपलीकडे पाद्रेबाबांचं प्रवचन अडखळायचं. एकदा तर मेणबत्त्या विकणारी म्हातारी खरोखरीची मलमाची डबी घेऊन धावत आली होती. आवाज चोलिंग गारिनचा. पडद्यावरच्या लढाईच्या खेळात ती ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी राहायची, आणि फेलिसिमो गायोमा, म्हणजे सिमो, मागं उभा राहून तिच्या जखमांवर जादूचं मलम लावायचा. रोज, न चुकता, अर्धा श्वास उशिरा.

आता सिमो एक्केचाळीस वर्षांचा होता. पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीला मात्र कॉम्प्युटरचे पाच जुने पडदे टांगलेले होते, आणि त्या पाच पडद्यांवर त्याच जुन्या खेळातले पाच वीर उभे असायचे. पहिला सिमोचा स्वतःचा, मलमवाला. दुसरा बेर्तिंगचा, बेर्तिंग तेलाच्या जहाजावर. तिसरी नेनेथची, नेनेथ रियाधच्या दवाखान्यात नर्स. चौथा पोलोनचा, पोलोन तैवानच्या कारखान्यात. एकेक जण परदेशी निघताना बॅग भरायचा, आईच्या पाया पडायचा आणि जाता जाता सिमोच्या कानाशी लागायचा, "माझ्या गड्याला सांभाळ रे." कारण त्या खेळाचा कायदाच तसा होता. नव्वद दिवस हलला नाही, तो वीर धूळ होऊन उडून जायचा.

पाच जणांना एकटा किती हलवणार? म्हणून सिमोनं ते सॉफ्टवेअर बसवलं. एक कळ दाबली की पाची पडद्यांवर दाबली जायची. एका बोटाला पाच सावल्या. त्याला मल्टिबॉक्सिंग म्हणतात हे त्याला फार नंतर कळलं. तो आपला त्याला 'जत्रा' म्हणायचा.

आणि पाचवी? पाचवी लोखंडी टोपीवाली. टोपी सिमोनं मागाहून चढवलेली, तिची झडप कायम खाली. तिची मालकीण कुणी विचारली, तर सिमो पंख्याचं पातं पुसायला घ्यायचा.

ती चोलिंगची होती. अकरा वर्षांपूर्वी चोलिंगचे वडील गेले, बेकरी तिच्या अंगावर आली. एका संध्याकाळी ती पावाच्या कागदी पिशवीवर पासवर्ड लिहून सिमोकडं आली. "पुसून टाक तिला. मला आता कणीक मळायची असते. मलम-बिलम पुरे." सिमो म्हणाला होता, "बरं." दुसऱ्या दिवशी पाव घेताना तिनं विचारलं, "पुसलीस?" तो म्हणाला, "पुसली." आणि पिशवी कपाटात, बायबलच्या पानांत, अजून तशीच होती. लोण्याच्या डागासकट.

आता गंमत अशी झाली, की गेल्या वर्षी चोलिंगच्या भाचीनं बेकरीच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर तोच खेळ चढवला, आणि चोलिंगला पुन्हा वेड लागलं. नव्यानं, पार शून्यापासून. तिच्या नादानं बाजारातल्या बायका लागल्या. मासेवाली थोरली ताई, म्हणजे मानांग पिलार, भाजीवाली सेपा, दोघी शिवणवाल्या. भाची धरून सहा जणींची टोळी झाली. टोळीचं नाव 'गरम पाव'. दर रविवारी दुपारी तीन वाजता त्या खेळातल्या गढीवर चाल करून जायच्या, आणि दर रविवारी सिमोचे पाच वीर दारात उभे असायचे. सर्वांत पुढं लोखंडी टोपीवाली. सहा जणी तिच्यावर आपटायच्या आणि लाटेसारख्या परत फुटायच्या.

सोमवारी बेकरीत सिमो गेला की ठरलेलं.

"आला! आला पाच बायकांचा नवरा!" चोलिंग पावाचा चिमटा त्याच्या नाकासमोर नाचवायची. "ती टोपीवाली म्हैस कुठून आणलीस रे? उभी बघ कशी राहते, जशी काही बापाची गढी!"

"तशी वाईट नाही ती," सिमो पुटपुटायचा.

"सासू लागते का तुझी? ढेंगा बघ तिच्या. मी तर म्हणते तिला बनवणारीलाच अक्कल नव्हती!"

सिमो खाली मान घालायचा. हसू आलं तर ओठ चावायचा, आणि हसू गेलं की घशात जे उरायचं, ते पावाबरोबर गिळायचा.

शेवटी सतराव्या पराभवानंतर चोलिंग तडक बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, चावडीवर गेली आणि तक्रार ठोकली. 'फेलिसिमो गायोमा हा एका बोटानं पाच माणसं लढवतो. हा अन्याय आहे.'

वस्तीचा प्रमुख कापितान दोस्योंग, ज्याला सगळे नुसतं 'काप' म्हणायचे, त्यानं कागद दोनदा वाचला. चावडीवर बसण्याआधी तीस वर्षं तो कोंबड्यांच्या झुंजीत पंच होता. भांडण कसलंही असो, बांधाचं, बकरीचं, नाही तर बायकोचं, तो ते रिंगणात उतरवूनच बघायचा.

गुरुवारी दुपारी सुनावणी भरली. पंचमंडळात चर्चच्या गायकवृंदाच्या मानांग आदिंग आणि सगळ्यांचा थोरला दादा, आंधळा न्हावी मानोंग क्विरिनो. समोर इबोस, म्हणजे माडाच्या कोवळ्या पानांत बांधलेला गोड भात, आणि खिडकीत अर्धा बाजार.

"बोल, इंदाय, बोल पोरी," कापितान चोलिंगला म्हणाला.

"काप, आम्ही सहा जणी. सहा डोकी. मी म्हणते डावीकडं, तर मानांग पिलार जाते उजवीकडं..."

"डावीकडं चिखल होता!" मानांग पिलार खिडकीतून ओरडली.

"पडद्यावरचा चिखल पायाला लागतो का, मानांग? तर असं आमचं. मी 'मलम' म्हणून ओरडावं, तोवर सेपा हात पुसत असते. आणि याचं बघा! बोट एक. पाचांनी एकदम तलवार उचलली. कुणाचा भात करपत नाही, कुणाचं पोर रडत नाही. हा काय न्याय झाला?"

"आता तू बोल, तोतो, बोल पोरा," कापितान सिमोकडं वळला.

"काप, एकाच बोटाचे हालही असतात. मी चुकलो की पाचही चुकतात. दार अरुंद असलं तर दोघं आत जातात आणि तिघं भिंतीवर तोंड घासत चालत राहतात. तास तासभर."

"एक सांगू?" मानांग आदिंग म्हणाल्या. "आमच्यात पण मी एक हात उचलते आणि चाळीस जण गातात. ते कुठं पाप आहे?"

"पण मानांग," चोलिंग फणकारली, "त्या चाळिसांतल्या प्रत्येकाला बेसूर व्हायची मुभा आहे ना? याच्या पाचांना ती पण नाही!"

यावर खिडकीतून टाळ्या पडल्या. मानोंग क्विरिनोनं मान डोलावली. "पटलं. बेसूर होता आलं पाहिजे. माझा धाकटा गातोच की चर्चमध्ये."

"मला आधी ते यंत्र दाखवा," कापितान म्हणाला. "कोंबडा हातात घेतल्याशिवाय मी निकाल देत नाही."

मग सगळी वरात सिमोच्या दुकानात. सिमोनं एक कळ दाबली. पाची वीर वाकून नमस्कार करते झाले. कापितान इतका खूश झाला, की त्यानंही उलट वाकून नमस्कार केला. "मी करतो, मी," म्हणत त्यानं कळफलकावर कोपर टेकलं. पाची वीर उड्या मारत खंदकाकडं निघाले. "थांबवा, काप!" "कुठली कळ?" "हात काढा!" तेवढ्यात पंख्यांवरच्या धुळीनं कापितानला शिंक आली, ती सरळ कळफलकावर, आणि पाची जण हातात हात घातल्यासारखे एका तालात खंदकात गेले. बुडुक.

खिडकीतल्या बायकांना हसण्याच्या उकळ्या फुटल्या. सेपानं तिथल्या तिथं गाणं रचलं आणि दुसऱ्या दिवशी ते मासळीबाजाराच्या टोकापर्यंत पोचलं:

पाच टोप्या, डोकं एक,
पाच ढाली, धाक एक,
काप शिंकला फटकन्,
पाची पडले खटकन्!

कापितानानं तोंड पुसलं आणि निकाल दिला. "ऐका. रिंगणात एकानं पाच कोंबडे आणले तर माझी हरकत नसते. एक शहाणा आणि पाच बावळे, त्यात कुणाचा फायदा ते देव जाणे. पण प्रत्येक कोंबड्याचा मालक कोण, हे झुंजीआधी पंचाला कळलं पाहिजे. बेवारस कोंबडा मी कधी झुंजू दिला नाही. रविवारी प्रार्थनेनंतर, इथंच, पाचही मालकांनी स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणायचं. ज्याला मालक नाही, तो बाद."

"बाद म्हणजे?" चोलिंगनं विचारलं. "नुसतं बाद नको, काप. ती म्हैस बेवारस निघाली, तर आमच्यासमोर पुसायची!"

"मंजूर," कापितान म्हणाला.

सिमोनं चोलिंगकडं पाहिलं. तीच मागणी, तीच कंबरेवर हात ठेवण्याची ढब. अकरा वर्षांपूर्वी नुसतं 'बरं' म्हणून भागलं होतं. आता सांगावं तर अकरा वर्षांचं खोटं उघडं पडणार. न सांगावं तर आपल्याच बोटानं तिला पुसायची. कपाटातली पिशवी त्यानं तीनदा काढली आणि तीनदा परत ठेवली. शुक्रवारी त्याच्या हातून दुरुस्त झालेला पंखा उलटा फिरला. शनिवारी तो बेकरीत गेला, तोंड उघडलं, आणि म्हणाला, "सहा पाव." पाव घेऊन दारापर्यंत गेला, परत आला. "नाही, सातच दे."

"डोक्यावर पडलास का रे?" चोलिंग म्हणाली.

रविवार उजाडला. प्रार्थना संपली आणि पाद्रेबाबांसकट सगळे दुकानात कोंबले गेले. बायकांच्या हातांत आपापले फोन, फोनांवर तोच खेळ, गढीसमोर सहाही जणी सज्ज. सिमोनं एकेकाला फोन लावला. बेर्तिंगचं नुसतं कपाळ दिसलं आणि मागं समुद्र. "होऽऽ! माझाच! लढू दे!" पोलोन तोंडात घास घेऊन म्हणाला, "हो म्हणजे काय, जेवू घाला त्याला." नेनेथ पांढऱ्या गणवेशात होती. "हो, हो. आणि काय रे सिमो, तिला अजून सांगितलं नाहीस ना..."

सिमोनं फोन कापला.

"कुणाला? काय?" चोलिंगनं मान वळवली.

"नेटवर्क," सिमो म्हणाला.

"चौथा तू स्वतः," कापितानानं चार बोटं मिटली. अंगठा उरला. "आता ही. लोखंडी टोपी. मालक कोण?"

  तोंडानं सांगणं सिमोला कधीच जमलं नव्हतं. जे काय जमायचं ते बोटांनी. तो खुर्चीत बसला. वाटलं, मलमवाल्याच्या तोंडून हळूच लिहून टाकू, एकाच पडद्यावर, एकटी चोलिंग वाचेल. त्यानं डोळे मिटून लिहिलं आणि कळ दाबली.

जत्रा चालूच होती.

पाची पडद्यांवर, पाची डोक्यांवर, आणि बायकांच्या सहाही फोनांवर पाच पाच वेळा अक्षरं उमटली. 'चोलिंग, ती तुझीच आहे.' 'चोलिंग, ती तुझीच आहे.' 'चोलिंग, ती...'

"कांडेलारिया माउली!" मानांग पिलारनं छातीवर हात मारला. "म्हणजे सतरा रविवार चोलिंगनंच चोलिंगला बडवलं!"

 चोलिंग पडद्याच्या अगदी जवळ गेली. "टोपी काढ तिची," एवढंच म्हणाली.

सिमोनं कळ दाबली. त्या कळेला प्रत्येकाचं काही ना काही उतरत होतं. बेर्तिंगचा सदरा उतरला, पोलोनची विजार, नेनेथचे बूट. मलमवाल्याची तर दाढीच गळून पडली. पाद्रेबाबांनी खिडकीबाहेरचं झाड पाहायला घेतलं. पण लोखंडी टोपीखालून काळे केस बाहेर आले आणि केसांत तांबडी रिबन होती. ती रिबन मिळवायला सात नंबरच्या खुर्चीतल्या एका मुलीनं तीन शनिवार दलदलीत उभं राहून चारशे बेडूक मारले होते.

"बनवणारीला अक्कल नव्हती म्हणे," सेपा हळूच म्हणाली.

"गप गं."

कापितानानं घसा साफ केला. "मालकीण सापडली. वर पाच जणांची साक्ष झाली. तेव्हा माझा निकाल असा..."

"थांबा, काप." चोलिंगचा आवाज जरासा ओला होता, पण कंबरेवरचा हात हलला नव्हता. "पाच कसले? बोट एक, तोंडं पाच. माझी तक्रारच ती आहे. असली साक्ष मी मानत नाही." ती सिमोकडं वळली. "बंद कर ती जत्रा. हात काढ कळांवरून. आणि तुझ्या एका तोंडानं सांग. मी पुसायला सांगितलं होतं. तू पुसली म्हणालास. का नाही पुसलीस?"

सिमोनं सॉफ्टवेअर बंद केलं. पाचही वीर पडद्यांवर गप्प उभे राहिले, कुणी बिनसदऱ्याचा, कुणी बिनदाढीचा. त्यानं हात मांडीवर ठेवले.   मानोंग क्विरिनोनं कान पुढं केला.

"सात नंबरवरून आता कुणी ओरडत नाही, इंदाय," तो म्हणाला. "मलम तयार असतं. मागायला कुणी नसतं. पाच जणांत एकट्याला नाही करमत मला. तू परत ये."