शेवटच्या खणातली ताई

मास्तर कधीच पोस्टमास्तर नव्हते. टपाल कार्यालयात पत्ते बघून पत्रं खणांत टाकण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. इमारतीत सगळे मास्तर म्हणत आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही, एवढंच. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात सहा घरांनी मिळून एकच इंटरनेट घेतलं आणि त्याच्या वायफायच्या डबीचा पासवर्ड सांभाळायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. आता हा माणूस पासवर्ड सांभाळून गप्प बसेल होय?

कशाला आधी वाट द्यायची ते डबीत ठरवता येतं, हा शोध त्यांना पहिल्याच आठवड्यात लागला. वळणदार अक्षरात यादी लिहून त्यांनी ती दाराबाहेर डकवली. आधी ऑफिसचं काम, मग शाळा, मग बातम्या आणि सगळ्यात शेवटी करमणूक. हलणारं चित्र दिसलं की ती करमणूक. वरची शिवणकामवाली व्हिडिओवर कापड बेतायला शिकवायची. कात्री अर्ध्यातच गोठते आणि शिकणाऱ्यांना कुठे कापायचं तेच कळत नाही, असं ती काकुळतीला येऊन सांगून गेली. तुम्हाला सूट दिली तर उद्या अख्खा जिना दारात उभा राहील, म्हणाले मास्तर. स्वयंपाकघरात कुठल्या डब्याचं झाकण कुठलं ते अजून कळत नाही आणि निघालेत जगाची वर्गवारी करायला, असं बायको पुटपुटली. ते त्यांनी सोयीस्करपणे ऐकलं नाही.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. दोघं भावंडं लहानपणापासून हातांनी बोलत आलेली, म्हणून ती नेहमी व्हिडिओवरच यायची. तिचा एक डोळा कधीच गेला होता आणि उरलेल्या डोळ्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. मग पट्टी. पट्टी सुटल्यावर किती दिसेल, याची डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. बोलायचं ते आजच बोलून घ्यायला हवं होतं.

ताईचा चेहरा आला, हात वर झाले आणि तिथेच थिजले. मग नुसते चौकोन. मास्तरांनी फोन खिडकीशी नेला, झटकला, केबलवाल्याच्या नावानं बोटं मोडली.

बायकोनं दाराबाहेरची यादी काढून आणली आणि त्यांच्यापुढे धरली.

"वन्सं करमणुकीत बसल्यात. शेवटच्या खणात."

मास्तर वरमले. पण क्षणभरच. त्यांनी गुपचूप आपला तेवढा फोन पहिल्या खणात टाकला आणि ताई लख्ख दिसायला लागली. नेमकी तेव्हाच शिवणकामवाली हातात कात्री घेऊन उघड्या दारात आली. तिनं फोनकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

काय झालं, ताईनं हातांनी विचारलं. तिच्याशी खोटं बोलणं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताई पोट धरून हसली. मग तिचे हात सावकाश हलले.

"पत्रं खणात टाकताना आत काय लिहिलंय ते वाचायचास का रे?"

"छे! नुसता पत्ता."

"मग आता कशाला वाचतोस?"

मास्तरांनी डबीतली सगळी क्रमवारी पुसून टाकली, स्वतःच्या फोनची धरून. आता सगळ्यांना सारखीच वाट. ते पाहून शिवणकामवाली आपला वर्ग घ्यायला लगबगीनं वर गेली. ताईचं चित्र थोडं पुसट झालं, मधूनच अडखळायला लागलं. तशी ताई हात अगदी हळू हलवायला लागली. मास्तर चार वर्षांचे असताना ती त्यांना अशीच एकेक खूण शिकवायची.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

मास्तरांना ते नीट वाचता आलं. मलाही, त्यांनी तितक्याच हळू सांगितलं.