चामखिळीचा हुंकार

गुरुवारी सकाळी लीलावती उपाध्यांच्या मानेवरच्या चामखिळीने पहिला हुंकार दिला. यजमान, अण्णा, गेल्यापासून चार वर्षं लीलाताई मिरजेच्या घरात भिंतींशीच बोलत: दोडकी कडू निघाली, गॅस उशिरा आला. त्या दिवशी मानेपाशी कोणीतरी ‘हूं’ म्हणालं. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुन्हा चहा टाकला.

पंचाईत अशी की दोनच दिवसांपूर्वी शेजारच्या नसीमभाभींनी त्याच चामखिळीला घोड्याचा केस बांधला होता. सासऱ्यांचा टांगा गेला, तरी शेपटीचे केस त्यांनी डब्यात जपून ठेवले होते. “आठ दिसांत आपसूक गळून पडतंय बगा, ताई.” आणि लीलाताईंनी हौसेनं मान पुढे केली होती.

आता गाठ सुटेना. कात्री लावली की केस कातडीत आत जाई. शेवटी लीलाताई डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. “निरुपद्रवी आहे. दोन मिनिटांत काढतो.”

“काढायची नाही. ठेवायची आहे. ती हुंकार देते.”

डॉक्टरांनी कान जवळ नेला. “हो, देते. पण रक्तपुरवठा तुटलाय. काढायचं आम्ही शिकलो, ठेवायचं नाही.”

घरी आल्या तर स्वयंपाकघराचं दार अरुंद झालेलं. दुसऱ्या दिवशी तिरकं होऊन जावं लागलं. हुंकारही बारीक होत चालला. लीलाताईंना एकच गोष्ट सांगायची राहिली होती. त्यांची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, बारशाच्या आदल्या दिवशी. तिचं नाव त्यांनी मनात ठरवलं होतं. ते त्यांनी अण्णांनाही कधी सांगितलं नाही, आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं.

आठव्या दिवशी भिंती दोन्ही खांद्यांना टेकल्या. लीलाताई घाईने सांगू लागल्या. कळा, पाळणा, भिजवलेली घुगरी. चामखीळ कशीबशी ‘हूं’ म्हणत होती.

“मी तिचं नाव ठेवणार होते—”

चामखीळ गळून समोरच्या चहाच्या बशीत पडली. केस मात्र तिच्याभोवती नव्हता.

बशीतून बारीक, स्वच्छ आवाज आला. “आता माझं ऐका. मी पहिल्यापासून सांगते.”

लीलाताईंनी नाव उच्चारायला तोंड उघडलं. “हूं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गळ्याभोवती घोड्याचा केस एक वेढा घट्ट झाला.