हळू चालणाऱ्याची बत्ती

मित्रांनो, मी एक जुनी सायकलची बत्ती आहे, आणि माझी ओळख करून द्यायच्या आधी माझं गाऱ्हाणं ऐका. या घरातला धाकटा माझ्यासमोरून जाताना मान फिरवतो. मी चाकांच्या या दुकानात मागच्या भिंतीवर, पुढच्या चाकासकट, एका खुंटीला टांगलेली आहे. एखाद्या गिऱ्हाईकानं विचारलंच की ही इथे का लोंबतेय, तर हा हातातल्या पान्याकडे बघत सांगतो की जुनी आहे, ऐन वेळी हिनं दगा दिला. दगा म्हणे. आठ वर्षं उन्हापावसात राबले, एक दिवस खाडा केला नाही, आणि खापर फोडायला डोकं सापडलं ते माझं. मला तोंड असतं तर मी त्याला तिथल्या तिथे खडसावला असता. तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीनं बसून बत्त्या जोडायच्या. माझ्या पोटातला आरसा जिनं बसवला तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. ती आरशावर शिंकली, ओशाळली आणि तिनं तो दोनदा पुसला. माझ्या बरोबरीच्या बत्त्यांचे आरसे एकदाच पुसलेले. तेव्हा माझा उजेड इतरांहून स्वच्छ का, याचं कारण एक शिंक आहे. मी दिसायला देखणी नाही. मुठीएवढी, काळी, वजनदार. पण नाकीडोळी नीटस बत्त्या पहिल्याच दणक्यात काच फोडून घेतात, हे मी बघितलंय.

माझ्यात बॅटरी नाही. मी जगते ती डायनमोच्या कमाईवर. पुढच्या चाकाच्या मधोमध, सगळ्या आऱ्या जिथे येऊन मिळतात, त्या हबच्या पोटात तो बसलेला असतो. आत लोहचुंबक आहेत. चाक फिरलं की वीज होते आणि दोन तारांनी माझ्याकडे येते. चाक जोरात फिरलं तर कमाई बरी, हळू फिरलं तर ओढाताण. तो कमावता आणि मी खर्चिक, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. घरात उजेड पडतो तो माझा.

आम्हा दोघांना निवडलं ते आईनं. आई म्हणजे या दुकानाची मालकीण. शाळा दुसरीपर्यंत, पण आरी बोटानं छेडून, तिचा आवाज ऐकून, चाक कुठे वाकडं आहे ते सांगते. शिकलेल्यांना मोजपट्टी लागते, मला कान पुरतात, असं ती गिऱ्हाइकांना सुनावते. तिला दोन मुलगे. थोरला अबोल, सावकाश. धाकट्याची जीभ चुरुचुरु चालायची. दिवसभर फोनवर सायकलींबद्दल वाचायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा.

थोरल्याला कालव्यावर नोकरी लागली. साठ किलोमीटरचा कालवा, त्यावर पाणी सोडायचे चौदा दरवाजे, ते तपासायचे. एका दिवशी टोकापर्यंत जायचं, तिथल्या खोलीत झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत. वाट मातीची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. कुठे दगड, कुठे रेती, कुठे गुरांनी तुडवलेला चिखल. उजाडायच्या आत निघावं लागे. सुरुवातीला त्याच्याकडे बॅटरीची टॉर्च होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, थंडीत, ती डोळे मिटायची. दोनदा तो एका दरवाजापाशी सूर्य उगवेपर्यंत नुसता बसून राहिला.

मग घरात खल सुरू झाला. धाकट्याचं म्हणणं, छोटा हलका डायनमो घ्यावा, शर्यतीवाले तोच वापरतात, चाकाला त्याचं ओझं होत नाही. आईनं विचारलं, माणसाच्या चालीनं सायकल चालली तर तो किती उजेड देतो? धाकटा हसला. म्हणाला, माणसाच्या चालीनं सायकल चालवतं कोण?

"तुझा भाऊ," आई म्हणाली.

तिथे तो विषय संपला. मोठा, जड डायनमो आला, चाकाला थोडं ओझं करणारा पण हळू चालीवरही चार पैसे हातावर टेकवणारा. बत्तीचंही तसंच. धाकट्याला लांबवर सरळ फेक असलेली हवी होती. आई म्हणाली, लांबचं मोठ्या रस्त्यावाल्यांनी बघावं, याला पायाखालचं आणि वाटेची कड दिसली पाहिजे. म्हणून पसरट उजेडाची मी आले. शिवाय माझ्या अंगात एक गुण आहे. चालताना मिळालेल्या विजेतली चिमूटभर मी मागे टाकते. सायकल थांबली, डायनमोची कमाई बंद झाली, तरी पाचेक मिनिटं माझा बारीक उजेड राहतो. बाईमाणसाची शिल्लक म्हणा.

या दुकानाचा एक नियम होता. चाक ज्या वाटेवर जगणार, त्या वाटेवर आधी दुकानातल्या माणसानं ते चालवायचं. आईला सायकल चालवणं झेपत नव्हतं. तिनं मागच्या नाल्यातल्या चिखलातून मला हातानं ढकलत नेलं, पदर खोचून, घोट्यापर्यंत चिखल. मी मिणमिणले पण विझले नाही. तिनं माझ्या काचेवरचा शिंतोडा बोटानं पुसला. शाबासकी म्हणून तेवढंच. तिच्याकडून तेवढंही कोणाला मिळत नाही.

आठ वर्षं आम्ही तिघं त्या वाटेवर होतो, थोरला, डायनमो आणि मी. दरवाजावरच्या राखणदारांच्या बायका लांबून मला ओळखायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. थोरला रोज निघताना डायनमोच्या टोपीत माझी तार खोचायचा आणि अंगठ्यानं दाबून बघायचा. रोज. हे लक्षात ठेवा.

मग वरून हुकूम आला की प्रत्येक दरवाजाचा फोटो काढून फोनवरून पाठवायचा. दुपारपर्यंत थोरल्याचा फोन मान टाकू लागला. धाकट्याला भावाची दया आली, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. त्यानं एक चार्जर आणला, डायनमोच्या विजेवर फोन भरणारा. आई पंधरा दिवस तिच्या बहिणीकडे गेली होती. धाकट्यानं चार्जर माझ्याच दोन तारांना जोडला आणि चाचणीला सायकल घेऊन निघाला तो डांबरी रस्त्यावर. भन्नाट वेगानं. फोनही भरला, मीही लख्ख पेटले. मीसुद्धा फसले, खोटं कशाला बोलू. जोरात चालताना कमाई दोघांना पुरते. थोरल्यानं विचारलं होतं, हळू चाललो तर? धाकट्यानं सांगितलं की काही फरक पडत नाही.

फरक पडत होता. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला होता. पण ते आठ दिवस हवा कोरडी होती, वाट कडक होती, आम्ही बऱ्या वेगात होतो.

नवव्या दिवशी पहाटे धुकं होतं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. दुसऱ्या दरवाजाच्या अलीकडे चढ आहे, तिथे चिखलात चाक रुतू लागलं. वेग माणसाच्या चालीहून कमी. डायनमो आपल्या परीनं देत होता, पण तो घास चार्जर आधी उचलायचा. मी लुकलुकू लागले. लागले, विझले, लागले. डोळ्यांवर झापड आलेल्या माणसाला समोरचं दिसतं तसं त्याला दिसत असणार. तो थांबला. एरवी अशा वेळी माझी शिल्लक कामी यायची. त्या पहाटे शिल्लकच पडली नव्हती. ठार अंधार झाला. त्यानं डावा पाय टेकला, तिथे वाट असेल असं समजून. तिथे दरवाजाचा दगडी खड्डा होता.

दोन तासांनी राखणदाराला तो सापडला. जीव वाचला. डावा गुडघा पुन्हा वाकला नाही. नोकरी गेली. आता तो दुकानाच्या वरच्या खोलीत बसतो आणि लांबीप्रमाणे आऱ्यांच्या जुड्या बांधतो.

सायकल आणायला धाकटा गेला होता. खड्ड्याच्या कडेला उभं राहून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तारांकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं चार्जर उपटला, खिशात घातला. घरी येऊन म्हणाला, "तार टोपीतून सुटली होती, मी स्वतः बघितली." थोरल्यानं दवाखान्यातल्या खाटेवरून एकदा विचारलं, त्या चार्जरमुळे तर नसेल? हा म्हणाला, छे, तार सुटली होती.

तार थोरला खोचायचा. म्हणजे चूक कोणाची, ते न सांगता सांगून झालं.

आणि आई. आईची जीभ तुम्हाला माहीत नाही. चार्जर कधी लागला, कधी निघाला, तिच्या कानावरच नव्हतं. तिनं त्या पडलेल्या माणसाला ऐकवलं, चाकांच्या घरात जन्मलास आणि एक तार धड खोचता येत नाही तुला. थोरला एवढंच म्हणाला, दाबली होती असं वाटलं मला. त्या दिवसापासून तो दाराची कडी तीनदा बघतो. शेगडीची कळ बंद केली तरी परत उठून जातो. सदऱ्याची बटणं लावून झाल्यावर पुन्हा वरपासून चाचपतो. वरून त्याच्या ओढत्या पायाचा आवाज आला की खाली धाकट्याचे हात थांबतात. त्याची चुरुचुरु चालणारी जीभही थंडावली. भावाला चहा तो रोज नेऊन देतो, पण कप ठेवून लगेच उतरतो.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कोणासाठी काही वस्तू निवडाल, जोडाल, दुरुस्त कराल, तेव्हा त्याच्या वाटेनं आणि त्याच्या चालीनं आधी चालून बघा. तुमच्या चालीनं नाही. आणि चुकलात तर वस्तूवर ढकलू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही खोट्या ठरत नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, काटक, पांढरे केस कापलेले. त्यांना सायकलवरून एकटीनं दोन महिने डोंगरातून फिरायचं होतं. डायनमोची बत्ती घ्यावी की बॅटरीची, विचारत होत्या. आई खुलली. बॅटरी भरायला गाव लागतं, डायनमोला फक्त तुमचे पाय लागतात, म्हणाली. मग तिनं मला खुंटीवरून उतरवलं. अपघातानंतरच्या दोन वर्षांत पहिल्यांदा. चाक सरळ करायच्या चौकटीत पुढचं चाक बसवलं, तार खोचली आणि हातानं हळूहळू फिरवलं. मी पेटले. काचेवर धूळ होती, तरी पेटले. धाकटा कोपऱ्यात काहीतरी पुसत होता, ते पुसायचा थांबला.

बाईंनी विचारलं, यावर फोन भरतो का? आई म्हणाली, भरत असेल, आमच्याकडे असेल एखादा चार्जर, दाखवते. धाकटा घाईनं म्हणाला की नाही आपल्याकडे. पण आईनं तोवर त्याच्या हत्यारांचा खण ओढला होता. खणाच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, चार्जर. त्याच्या फटीत वाळलेला पिवळा चिखल. असला चिखल आमच्या भागात फक्त कालव्यावर आहे.

आईनं तो नखानं खरवडला.  चार्जर तारांना जोडला, बाईंचा फोन त्याला लावला आणि चाक जोरात फिरवलं. मी लख्ख. मग हात सैल सोडून, माणसाच्या चालीनं. मी लुकलुकले. लागले, विझले, लागले. तिनं चाक धरून थांबवलं. अंधार.

तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फिरवलं. तेच.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या समजुतीनं म्हणाल्या, म्हणजे चढावर फोन काढून ठेवायचा, हे बरं झालं दाखवलंत. उद्या येते म्हणून त्या फोन घेऊन गेल्या. आई दारापर्यंत सोडायलाही गेली नाही. वर पाय ओढल्याचा आवाज झाला, मग थांबला. धाकटा खाली बघत उभा होता. तो म्हणाला, आई, मी घाबरलो होतो.

आईनं चार्जर सोडवला. मला वाटलं आता आवाज चढणार. ती इतकं हळू बोलली की मलासुद्धा कान द्यावा लागला.

"चार्जर तू भावाच्या सोयीसाठी लावलास, हे मला कळतं. चुकलास. माझ्या हातून काय थोडी चाकं बिघडलीत? ते मी पोटात घातलं असतं. पण दोन वर्षं तो स्वतःच्या हाताला खोटं समजतोय, आणि तू रोज चहा नेऊन देतोस. गुडघा खड्ड्यानं मोडला. बाकीचा तू मोडलास. मी त्याला जे बोलले, ते माझं मी त्याच्यासमोर बसून निस्तरीन. पण आधी तू. हे घे हातात आणि वर जा. सगळं सांग. तो तुला माफ करेल, लगेच करेल, तसाच आहे तो. मी नाही करायची."